चौदा मते आणि चौदाशे अठ्ठ्याण्णव

सेंट किट्स हे नाव आपल्याकडच्या वृत्तपत्रवाचकाच्या कानावरून गेले असेल, तर ते बहुधा दोन निमित्तांनी. १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मुलाचे तिथल्या एका बँकेत गलेलठ्ठ खाते असल्याची कागदपत्रे बाहेर आली, ती बनावट निघाली, आणि ‘सेंट किट्स प्रकरण’ पुढे कितीतरी वर्षे बातम्यांत राहिले. नंतर २००७ च्या विश्वचषकात हर्शेल गिब्जने नेदरलँड्सविरुद्ध एका षटकात सहा षटकार ठोकले, ते याच बेटाच्या राजधानीत, बासतेरच्या वॉर्नर पार्कवर. दोन्ही वेळा देशाच्या नावाचा उत्तरार्ध कोणी उच्चारला नाही. देशाचे नाव ‘सेंट किट्स आणि नीव्हिस’. क्षेत्रफळाने आणि लोकसंख्येनेही पश्चिम गोलार्धातले हे सर्वांत लहान सार्वभौम राष्ट्र. त्यातले नीव्हिस म्हणजे ९३ चौरस किलोमीटरचे, मधोमध एकच उंच ज्वालामुखी डोंगर असलेले, सेंट किट्सपासून तीनेक किलोमीटरच्या सामुद्रधुनीने तुटलेले बेट. वस्ती सुमारे बारा हजार. महाराष्ट्रात एवढ्या वस्तीच्या गावाला १७ सदस्यांची ग्रामपंचायत मिळते. नीव्हिसला स्वतःचा पंतप्रधानसदृश प्रीमियर आहे, मंत्रिमंडळ आहे, पाच निवडून आलेल्या आणि तीन नेमलेल्या सदस्यांची विधानसभा आहे, आणि फक्त नीव्हिसपुरतेच राजकारण करणारे दोन पक्ष आहेत: १९७० मध्ये निघालेला नीव्हिस रिफॉर्मेशन पार्टी म्हणजे एनआरपी, आणि १९८७ मध्ये निघालेला कन्सर्न्ड सिटिझन्स मूव्हमेंट म्हणजे सीसीएम.

एवढ्याशा बेटाच्या एवढ्याशा पक्षांकडे कौतुकमिश्रित हसून पाहावे आणि पान उलटावे, हा मोह स्वाभाविक आहे. पण या बेटाने दोन वेळा एकाच प्रश्नावर मतदान केले आहे आणि त्या दोन निकालांत जो फरक पडला, त्यात प्रादेशिक राष्ट्रवादाबद्दल मोठमोठ्या देशांनी शिकावे असे काही आहे. प्रश्न होता: सेंट किट्सपासून वेगळे व्हायचे का? १९७७ मध्ये एनआरपीने स्वतःच्या हिमतीवर अनधिकृत सार्वमत घेतले. ४,१९३ जण ‘हो’ म्हणाले, १४ जण ‘नाही’. ऑगस्ट १९९८ मध्ये अधिकृत सार्वमत झाले. २,४२७ ‘हो’, १,४९८ ‘नाही’. मधल्या एकवीस वर्षांत चौदाचे चौदाशे अठ्ठ्याण्णव कसे झाले, हा या लेखाचा विषय. माझे म्हणणे असे की मधल्या काळात या देशाच्या घटनेने नीव्हिसला फुटून निघण्याचा हक्क लेखी देऊन टाकला होता, आणि तो हक्क हाती आला म्हणूनच तो वापरताना लोकांचे हात अडखळले.

आधी भांडणाचे मूळ. १८८२ मध्ये इंग्रजांनी कारभाराच्या सोयीसाठी नीव्हिसला सेंट किट्सच्या दावणीला बांधले. तिसरे बेट अँग्विलाही त्याच दावणीला. नीव्हिसला कोणी काही विचारले नव्हते. पुढे दोन्ही बेटांची अर्थव्यवस्था वेगळ्या वाटांनी गेली. सेंट किट्सवर उसाचे मोठे मळे टिकले, त्यामुळे तिथे मजूर, मुकादम, कारखाना आणि संप हे सगळे एकत्र नांदले. १९३५ मध्ये बकलीज मळ्यावरून पेटलेला संप, १९३२ ची वर्कर्स लीग, १९४० ची कामगार संघटना आणि तिच्या पोटातून आलेला लेबर पक्ष ही सारी उसाच्या फडातली पैदास. रॉबर्ट ब्रॅडशॉ हे त्याचे सर्वांत मोठे नेते, स्वतः साखर कारखान्याच्या यंत्रशाळेत काम केलेले. नीव्हिसवर मात्र जमीन निकृष्ट, दगडगोट्यांची. ऊस तिथे लवकर मागे पडला, मळे मोडले आणि जमीन तुकड्यातुकड्यांनी लहान शेतकऱ्यांकडे गेली. भाजीपाला, थोडा कापूस, जनावरे, असे जगणारा हा माणूस. त्याला मजूर संघटनेची भाषा परकी. लेबर पक्षासाठी देश म्हणजे ऊसतोड कामगारांचा देश होता, आणि त्या व्याख्येत नीव्हिसच्या शेतकऱ्याला जागाच नव्हती. ब्रॅडशॉ यांना खलनायक ठरवणारे लिखाण नीव्हिसमध्ये भरपूर सापडते. मला ते एकांगी वाटते. मळेवाल्यांच्या तावडीतून मजुराला सोडवणारा हा माणूस होता. पण आपल्या लढ्याच्या चौकटीत न बसणाऱ्या माणसांबाबत त्यांना सबुरी नव्हती, हेही तितकेच खरे.

फेब्रुवारी १९६७ मध्ये तिन्ही बेटांना मिळून अंतर्गत स्वराज्य मिळाले, सूत्रे बासतेरमध्ये. धाकट्या बेटांना स्थानिक परिषदा देण्याचे घटनेत कबूल केलेले होते. अँग्विलाने वाट पाहिली नाही. ३० मे १९६७ रोजी तिथल्या लोकांनी सेंट किट्सचे पोलीस बेटाबाहेर हाकलले, जुलैत सार्वमत घेतले, त्यात १,८१३ विरुद्ध ५ मतांनी फारकत घेतली. मार्च १९६९ मध्ये ब्रिटनने पॅराशूट सैनिक आणि लंडनचे पोलीस उतरवले. एकही गोळी झाडावी लागली नाही, कारण अँग्विलाला ब्रिटनच हवे होते. नको होते ते सेंट किट्स. १९८० च्या डिसेंबरात ही फारकत कायदेशीर झाली. आज अँग्विला ब्रिटनचा प्रदेश आहे. स्वातंत्र्याच्या नावाने सुरू झालेले बंड पुन्हा जुन्या मालकाच्या ओसरीवर जाऊन थांबले, हा या कथेतला सर्वांत गमतीचा भाग, आणि कदाचित सर्वांत करुणही.

नीव्हिसने बंड केले नाही. तिथे वेगळीच गोष्ट घडली. १ ऑगस्ट १९७०, शनिवार. क्रिस्टीना ही सरकारी फेरीबोट बासतेरहून नीव्हिसच्या चार्ल्सटाउनकडे निघाली. ऑगस्टच्या सोमवारची सुट्टी तोंडावर आलेली, बाजारहाट करून, माल विकून परतणाऱ्यांची गर्दी. बोटीची परवानगी १५५ उतारूंची. चढलेले त्याच्या दुपटीच्या आसपास. वाटेत बोट कलंडली आणि काही मिनिटांत बुडाली. २३३ माणसे गेली, बहुतेक नीव्हिसची. त्या वेळच्या वस्तीच्या मानाने पाहिले, तर घर सोडा, वाडी सुटली नसेल. प्रेते ओळखता येईनात इतकी फुगली तेव्हा चार्ल्सटाउनजवळ सामूहिक कबरी खणाव्या लागल्या. अपघात कोणत्याही देशात होतात, आणि बोटीत माणसे कोंबण्याचा गुन्हा आपल्या नद्या-खाड्यांनीही पाहिला आहे. पण नीव्हिसच्या माणसाने यातून एक अगदी रोखठोक प्रश्न विचारला: भाजी विकायला, दाखला काढायला, नोकरी मागायला आम्हाला समुद्र ओलांडूनच का जावे लागते? त्याच वर्षी एनआरपी स्थापन झाला. नेते सिमियन डॅनियल, व्यवसायाने वकील. बोटीमुळेच पक्ष निघाला असे म्हणणे अतिसुलभ होईल, कारण असंतोष जुना होता. पण त्या पक्षाला जे रडू हवे होते ते बोटीने दिले. १९७५ मध्ये एनआरपीने नीव्हिसच्या दोन्ही जागा जिंकल्या, आणि १९७७ चे ते सार्वमत झाले.

त्या ४,१९३ मतांवर पहिला आक्षेप लगेच येतो: पक्षाने स्वतः घेतलेल्या मतदानाला विरोधक कशाला जातील? ते घरीच बसले असणार. आक्षेप रास्त आहे, आणि चौदा हा आकडा विरोधाची खरी ताकद दाखवत नाही हे मान्यच करायला हवे. पण होकाराचा आकडा तर खोटा ठरत नाही. १९९८ मध्ये होकार आणि नकार मिळून वैध मते पडली ३,९२५. म्हणजे १९७७ मध्ये एकट्या ‘हो’ म्हणणाऱ्यांची संख्या १९९८ च्या सगळ्या वैध मतांहून मोठी होती. उत्साह ओसरला होता यात शंका नाही. का ओसरला, एवढाच प्रश्न.

१९८० च्या निवडणुकीने खेळ पालटला. नऊ जागांपैकी लेबरला चार, विरोधी पीपल्स ॲक्शन मूव्हमेंटला तीन, एनआरपीला दोन. दोन जागांच्या पक्षाने तीन जागांच्या पक्षाला सत्तेवर बसवले, केनेडी सिमंड्स प्रीमियर झाले, डॅनियल अर्थमंत्री. फुटून निघण्यासाठी जन्मलेला पक्ष देशाची तिजोरी सांभाळू लागला. त्या भागीदारीची किंमत डॅनियल यांनी स्वातंत्र्याच्या घटनेत वसूल केली. १९ सप्टेंबर १९८३ रोजी देश स्वतंत्र झाला तो संघराज्य म्हणून, पण विचित्र संघराज्य म्हणून: नीव्हिसला स्वतःची विधानसभा आणि प्रशासन, सेंट किट्सला मात्र वेगळी विधानसभा नाही, त्या बेटाचा कारभार केंद्र सरकारच पाहते. आणि कलम ११३.

हे कलम जवळून वाचण्यासारखे आहे, कारण त्यातली कारागिरी सहज लक्षात येत नाही. नीव्हिसची विधानसभा कायदा करून संघराज्यातून बाहेर पडू शकते, असे ते सरळ सांगते. मग अटी सुरू होतात. विधेयकाला निवडून आलेल्या सदस्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा हवा. ते मांडल्यापासून दुसऱ्या वाचनापर्यंत किमान ९० दिवस गेले पाहिजेत. मग नीव्हिसमध्ये सार्वमत, त्यात वैध मतांच्या दोन तृतीयांश होकार. सेंट किट्सच्या मतदाराला यात मत नाही. इथवर कोणत्याही हुशार वकिलाला सुचले असते. खरी गंमत शेवटच्या अटीत आहे: वेगळ्या झालेल्या नीव्हिसची घटना कशी असेल याचे पूर्ण, तपशीलवार प्रस्ताव सार्वमताच्या किमान सहा महिने आधी विधानसभेपुढे ठेवायचे, आणि त्यांचा अर्थ समजावून सांगणाऱ्या टिपणांसह किमान ९० दिवस आधी मतदारांच्या हाती द्यायचे. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या माणसाला हे पटकन कळेल. वाटणी मागण्याचा हक्क प्रत्येक हिस्सेदाराला आहेच. पण विहीर कोणाकडे, कर्ज कोणाच्या नावे आणि म्हातारीला कोण सांभाळणार हे वाटणीपत्रात लिहून आणा, मग बोलू, असे म्हटले की भांडणाचा आवाज आपोआप खाली येतो.

१९९२ मध्ये सीसीएमने एनआरपीला हरवले आणि व्हान्स एमरी प्रीमियर झाले. हे गृहस्थ लीवर्ड बेटांकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेले. नीव्हिसच्या अभिमानात क्रिकेटचा वाटा मोठा आहे हे इथे सांगायलाच हवे. लीवर्ड बेटांतून वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळलेला पहिला माणूस, डावखुरा फिरकी गोलंदाज एल्केमिडो विलेट, १९७३ मध्ये याच बेटाने दिला. पुढे डेरिक पॅरी, कीथ आर्थर्टन, स्टुअर्ट विल्यम्स. बारा हजारांच्या वस्तीला आपण कोणीतरी आहोत असे वाटायला एवढे पुरेसे आहे. एमरी यांच्या काळात भांडण पुन्हा चिघळले. १९९५ मध्ये डेन्झिल डग्लस यांचा लेबर पक्ष मोठ्या बहुमताने सत्तेवर आला, आणि नीव्हिसमध्ये केंद्र सरकारचे कार्यालय उघडण्याचा घाट त्याने घातला. बाहेरच्याला ही बाब फुटकळ वाटेल. नीव्हिसला ती आपल्या अंगणात दुसऱ्याने खुंटी ठोकल्यासारखी वाटली. ऑक्टोबर १९९७ मध्ये विभक्त होण्याचे विधेयक विधानसभेत एकमताने मंजूर झाले. सीसीएमचे तीन आणि एनआरपीचे दोन, पाचही निवडून आलेले सदस्य एका बाजूला. ही विधानसभा ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भरत आली आहे ते चार्ल्सटाउनचे हॅमिल्टन हाउस, म्हणजे अलेक्झांडर हॅमिल्टनचे जन्मस्थान मानली जाणारी जागा. ज्या माणसाने अमेरिकेतल्या विस्कळीत राज्यांना एका घट्ट संघात बांधण्यासाठी आयुष्यभर लेखणी झिजवली त्याचे जन्मघर, आणि त्याच बेटाचे संघातून निघण्याचे विधेयक. इतिहासालाही कधीकधी चेष्टा करण्याची लहर येते.

१० ऑगस्ट १९९८ च्या मतदानात होकार पडला ६१.८ टक्के. हवा होता ६६.७. एकशे नव्वद जणांनी ‘नाही’ऐवजी ‘हो’वर शिक्का मारला असता, तर जगाच्या नकाशावर आणखी एक राष्ट्र उमटले असते. विधानसभेत पाच विरुद्ध शून्य आणि मतपेटीत बासष्ट विरुद्ध अडतीस, ही जी तफावत आहे तिच्यातच माझ्या युक्तिवादाचा जीव आहे. कोणी म्हणेल, राग कमी झाला तो स्वायत्तता मिळाल्यामुळे. कलम ११३ चा त्यात काय संबंध? पण राग कमी झाला असता तर त्याच लोकांनी निवडलेल्या पाचही जणांनी एकमुखाने विधेयक मंजूर केले नसते. राग होताच. त्याच्यासमोर या वेळी कागद ठेवलेले होते. पोलीस कोण पुरवणार, सामाजिक सुरक्षेतल्या जमा वर्गणीचे काय, बासतेरमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाचे पारपत्र कोणते, हे प्रश्न १९७७ मध्ये कोणालाच विचारावे लागले नव्हते, कारण त्या मतातून काही होणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. ज्या मताला परिणाम नाही ते मत देणे स्वस्त असते. मतदानाला फिरकलेही नाहीत असे चाळीसहून अधिक टक्के मतदार होते. त्यांचे मौन मी होकारात किंवा नकारात घालणार नाही, पण ते स्वातंत्र्यलढ्याच्या ज्वराचे लक्षण खचित नव्हे.

सर्वांत जोरदार आक्षेप दोन तृतीयांशाच्या अटीवर आहे. ज्या लोकशाहीत एका मताने सरकार पडते तिथे ६२ टक्के लोकांची इच्छा डावलायची कशी? क्वेबेकने १९९५ मध्ये ५०.६ विरुद्ध ४९.४ टक्क्यांनी कॅनडात राहायचे ठरवले. तिथे साधे बहुमत पुरले असते. या आक्षेपाला संपूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढे म्हणता येईल की ही अट सेंट किट्सने लादलेली नव्हती. तिच्या वाटाघाटीत नीव्हिसचाच पक्ष बसलेला होता आणि लेबर तर त्या घटनेच्या विरोधात होता. शिवाय सरकार चुकले तर पाच वर्षांनी बदलते, देश मोडला की तो पाच वर्षांनी जोडता येत नाही. पण बासष्ट टक्के लोकांना ‘तुम्ही हरलात’ असे सांगणे कोणत्याही न्यायबुद्धीला टोचणारच, आणि टोचावे.

दुसरा आक्षेप सेंट किट्सच्या बाजूने येतो, आणि तो मला जास्त खरा वाटतो. संसदेत अकरा निवडून आलेल्या जागा, त्यातल्या तीन नीव्हिसच्या. हे तीन खासदार सेंट किट्सच्या शाळा-रस्त्यांवर मत देतात, नीव्हिसच्या शाळा-रस्त्यांवर मात्र सेंट किट्सच्या आठांना बोलता येत नाही. त्यात निवडणूक अटीतटीची झाली की नीव्हिसचा छोटा पक्ष पंतप्रधान ठरवतो. १९९३ मध्ये चार-चार-दोन-एक असा निकाल लागला. एमरी यांच्या दोन जागांनी कोणालाही साथ दिली नाही, सिमंड्स एनआरपीच्या एका जागेवर अल्पमताचे सरकार चालवू लागले, आणि बासतेरमध्ये दंगल उसळून आणीबाणी पुकारावी लागली. २०१५ मध्ये उलट घडले: सीसीएम आघाडीत गेला, टिमथी हॅरिस पंतप्रधान झाले, नीव्हिसचे मार्क ब्रँटली परराष्ट्रमंत्री. २०२२ मध्ये तीच आघाडी फुटली. हे सगळे अडवणुकीचे राजकारण आहे, असे सेंट किट्सचा माणूस म्हणतो. अडवणूक आहेच. पण ती जागांच्या गणितातून येते, कलम ११३ मधून नाही. ते कलम उद्या काढून टाकले तरी तीन जागा तीनच राहतील. दुरुस्ती करायचीच तर सेंट किट्सला स्वतःची विधानसभा द्यावी. चाळीस वर्षांत ते झालेले नाही, आणि यात दोष नीव्हिसचा नाही.

भारतीय वाचकाचा आक्षेप वेगळा असेल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी ‘फेडरेशन’ऐवजी ‘युनियन’ हा शब्द का घेतला हे सांगितले होते: हा संघ घटक राज्यांच्या करारातून आलेला नाही, त्यामुळे कोणत्याही राज्याला त्यातून बाहेर पडण्याचा हक्क नाही. आपण दार बंद केले आणि तरीही प्रादेशिक पक्ष फोफावले. १९६३ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने फुटीरतेचा प्रचार करणाऱ्याला निवडणुकीचा रस्ता बंद केला. द्रविड मुन्नेत्र कळघमने वेगळ्या द्रविडनाडूची मागणी सोडली आणि चारच वर्षांत मद्रासची सत्ता घेतली. मग दार उघडे ठेवण्याचे कौतुक कशाला? उत्तर असे की द्रमुकला सोडलेल्या मागणीच्या बदल्यात एक अख्खे, भाषेवर उभे असलेले, मोठे राज्य चालवायला मिळाले. १९६७ च्या नीव्हिसकडे देण्या-घेण्यासारखे काहीच नव्हते. जिथे धाकट्या भावाजवळ संख्या नाही, भाषा वेगळी नाही, सौद्याला दुसरे काही नाही, तिथे बाहेर पडण्याचा कागदी हक्क हीच त्याची एकमेव पत असते. आंबेडकरांचे उत्तर पस्तीस कोटींच्या, नुकत्याच फाळणी झालेल्या देशासाठी बरोबर होते. ते नीव्हिसला लावायचे म्हणजे हत्तीच्या अंबारीचे माप शेळीला घालणे.

या पक्षांबद्दल माझी खरी तक्रार निराळीच आहे. स्वायत्तता मिळाल्यावर नीव्हिसने तिचे केले काय? १९८४ पासून परदेशी कंपन्यांच्या नोंदणीचे कायदे झाले, १९९४ मध्ये परदेशी न्यासांसाठी कायदा, १९९५ मध्ये मर्यादित दायित्वाच्या कंपन्यांसाठी. मालक कोण हे उघड न करण्याची सोय आणि धनकोला वसुली करणे महाकठीण व्हावे अशी रचना. ज्या बेटाने दूरच्या राजधानीला जाब विचारत आपले राजकारण उभारले, ते दुसऱ्या देशांच्या धनवानांना त्यांच्या देशाने जाब विचारू नये म्हणून आसरा देऊ लागले. दोन्ही पक्ष यात सारखेच सामील. लहान बेटाला दुसरे उत्पन्न कुठले, हे उत्तर मी ऐकून आहे. १९९१ मध्ये तिथे फोर सीझन्सचे मोठे हॉटेल आले आणि पर्यटनाने बऱ्याच घरांना हातभार लावला, हेही खरे. तरीही ही मिळकत मला भूषणाची वाटत नाही. आणि आपापसातली चुरस म्हणाल तर ती इतकी बारीक की २०११ मध्ये एका मतदारसंघाचा निकाल मोजक्या मतांवर लागला, यादीतून नावे गाळल्याचे प्रकरण न्यायालयात गेले, निवडणूक रद्द झाली आणि त्यातून २०१३ मध्ये सत्ताच पालटली. तत्त्वाचा फरक शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

एमरी २०२२ च्या एप्रिलमध्ये वारले. सेंट किट्सचा ऊस त्याआधीच, २००५ मध्ये, कायमचा बंद झाला होता. ज्या मळ्यांवरून दोन बेटांची मने दोन झाली ते मळेच राहिले नाहीत. सध्या नीव्हिसचे भांडण केंद्राने विकलेल्या नागरिकत्वाच्या पैशातला आपला वाटा किती, याचे आहे. चार्ल्सटाउन ते बासतेर फेरीबोटी अजून चालतात. कलम ११३ घटनेत जसेच्या तसे आहे, आणि १९९८ नंतर ते एकदाही मतपेटीपर्यंत गेलेले नाही.